बालरुग्णालयाच्या विश्वस्तांना खुले पत्र : तुटीचा हिशेब आधी मांडा, मग डे-केअर बंद करण्याचे बोला

प्रति,
विश्वस्त मंडळ व कार्यकारी समिती,
आमच्या शहरातील धर्मादाय बालरुग्णालय

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : रुग्णालयास अनुदान देणाऱ्या यंत्रणांचे प्रमुख

विषय : थॅलेसेमिया डे-केअर बंद करण्याचा आणि सामान्य कक्षातील खाटा कमी करण्याचा निर्णय स्थगित करण्याबाबत

सन्माननीय विश्वस्त,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रुग्णालयाचा गेल्या आर्थिक वर्षाचा वार्षिक अहवाल आणि त्यासोबत प्रसिद्ध झालेला पुढील पाच वर्षांचा धोरण आराखडा मी हिशेबाच्या टिपांसह पूर्ण वाचला. त्यातील दोन निर्णय मला मान्य नाहीत आणि त्यांविषयी गप्प राहणे मला योग्य वाटत नाही. थॅलेसेमियाच्या, म्हणजे शरीरात रक्त नीट तयार न होण्याच्या आनुवंशिक आजाराच्या, मुलांना रक्त चढवण्यासाठी चालणारे डे-केअर केंद्र येत्या एप्रिलपासून बंद करून त्या मुलांना ‘अन्य केंद्रांकडे वर्ग’ करण्याचे आपण ठरवले आहे. त्याचबरोबर सामान्य कक्षातील जवळजवळ निम्म्या खाटा काढून तेथे खासगी खोल्या बांधण्याचेही ठरवले आहे. दोन्ही निर्णयांना आराखड्यात एकच कारण दिले आहे, ते म्हणजे रुग्णालयाची वाढती तूट. मी आपल्याला याबाबत लेखी निवेदन दिले होते. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. रुग्णालय सार्वजनिक न्यासाचे आहे, त्याची जमीन नाममात्र भाड्याची आहे आणि त्याच्या तिजोरीत या शहरातील हजारो माणसांच्या देणग्या आहेत, त्यामुळे हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

संस्थेचे नाव मी येथे मुद्दाम घेतलेले नाही. शहरातील वाचकांना ते सांगण्याची गरज नाही, आणि हा प्रश्न एका संस्थेपुरता आहे असे मला वाटतही नाही.

माझा या विषयाशी असलेला संबंध आधी स्पष्ट करते. मी आपल्याच रुग्णालयाच्या लेखा विभागात नोकरी केली आणि तेथूनच निवृत्त झाले. बिलाच्या खिडकीपासून ताळेबंदाच्या अंतिम प्रतीपर्यंतचे सगळे काम मी केलेले आहे. दुसरा संबंध घरचा आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या नातवाला थॅलेसेमिया मेजर आहे आणि तो साधारण दर तीन आठवड्यांनी याच डे-केअरमध्ये रक्त घेतो. त्या खोलीतली मुले आपल्यापैकी किती जणांनी जवळून पाहिली आहेत, मला माहीत नाही. सकाळी आठच्या सुमारास ती येतात, नमुना दिला जातो, रक्तगट जुळवून पिशवी येईपर्यंत दहा-साडेदहा होतात आणि मग दुपारभर थेंब-थेंब रक्त चढत राहते. हाताला सुई असताना दुसऱ्या हाताने ती शाळेचा गृहपाठ करतात. सात-आठ वर्षांचे मूल हात पुढे करून सिस्टरांना सांगते की ही शीर गेल्या वेळी फुगली होती, आज त्या बाजूची घ्या. त्या सिस्टर त्याला वर्षानुवर्षे ओळखतात आणि त्याचे ऐकतात. हे कौशल्य आणि हा विश्वास ‘वर्ग’ करता येत नाही, आणि आराखड्यात त्याची किंमत कोठेही धरलेली नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. बालरुग्णालयाला तूट असते हे मला मान्य आहे, आणि ती का असते हे आपल्या आराखड्याने वाचकांना सांगायला हवे होते असे माझे मत आहे. मोठ्यांच्या रुग्णालयाचा खर्च निघतो तो गुडघ्याच्या सांध्यांवर, हृदयाच्या स्टेंटवर आणि विमाधारक रुग्णांच्या ठरलेल्या शस्त्रक्रियांवर. बालरुग्णालयाकडे यांतले जवळजवळ काहीच नसते. त्याच्याकडे न्यूमोनिया असतो, डेंग्यू असतो, जुलाब असतात, आकडी असते आणि दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळे असतात. व्हेंटिलेटरवरच्या बाळामागे एक स्वतंत्र परिचारिका लागते. श्वासनलिकेत घालायच्या नळीपासून रक्तदाबाच्या पट्ट्यापर्यंत प्रत्येक वस्तू पाच-सहा मापांत साठवावी लागते, आणि त्यांतली काही मापे वापराविनाच मुदतबाह्य होतात. फुप्फुसे पुरती तयार न झालेल्या बाळाला द्यावे लागणारे सर्फॅक्टंट हे औषध एका मात्रेलाच हजारो रुपयांना पडते. पावसाळ्यात कक्षात जागा नसते आणि उन्हाळ्यात खाटा रिकाम्या असतात, पण परिचारिकांचा पगार बारा महिने द्यावा लागतो. शिवाय प्रत्येक मुलासोबत आई असते, तिची झोपण्याची आणि जेवणाची सोय करावी लागते, आणि तिचे बिल करता येत नाही. म्हणून बालरुग्णालयाची तूट ही गैरव्यवस्थापनाचीच खूण आहे असे समजण्याचे कारण नाही. त्या कामाचे स्वरूपच तसे आहे. ती किती असेल याचा अंदाज वर्षाच्या सुरुवातीलाच करावा लागतो, ती कोण भरणार हे तेव्हाच ठरवावे लागते, आणि वर्षअखेरीला ठरल्याप्रमाणे भरली गेली की नाही हे लोकांना सांगावे लागते. आपल्या आराखड्यात यांतले काहीही नाही. त्यात ‘प्रतिखाट सरासरी उत्पन्न’ हा एकच निकष पुन्हा पुन्हा येतो आणि त्यावरच प्रत्येक विभागाला गुण दिलेले आहेत.

डे-केअर केंद्र तोट्यात आहे असे आपण म्हणता, त्या हिशेबाकडे मी विश्वस्तांचे विशेष लक्ष वेधू इच्छिते, कारण सगळा निर्णय त्यावर उभा आहे. अहवालातील टिपांनुसार प्रशासन, सुरक्षा, वीज, लिफ्ट आणि संगणक यंत्रणा यांच्या सामायिक खर्चाची वाटणी विभागांमध्ये आंतररुग्णांच्या नोंदींच्या संख्येप्रमाणे केली आहे. डे-केअरमधील मुलाची मात्र प्रत्येक खेपेला नवी नोंद होते. त्यामुळे सहा-सात तासांसाठी येऊन संध्याकाळी घरी जाणारे मूल आणि खासगी खोलीत दहा दिवस राहणारे मूल यांच्यावर सामायिक खर्चाचा सारखाच बोजा टाकला गेला आहे. तेच थॅलेसेमियाचे मूल वर्षातून सोळा-सतरा वेळा येते, म्हणजे तो बोजा त्याच्या नावावर सोळा-सतरा वेळा चढतो. हीच वाटणी खाट किती तास वापरली गेली यावर करून पाहा. केंद्राच्या नावावरचा तोटा बराच कमी होईल आणि खासगी विभागाचा नफाही तितका राहणार नाही. याहून महत्त्वाचे असे की केंद्र बंद केल्याने सुरक्षारक्षकांचा पगार, लिफ्टची दुरुस्ती आणि संगणकाचे भाडे यांतला एक रुपयाही वाचणार नाही. घरातले एक माणूस परगावी गेले म्हणून घरपट्टी कमी होत नाही. तो खर्च उरलेल्या विभागांवर पडेल, आणि पुढच्या वर्षी दुसरा एखादा विभाग तोट्यातला ठरेल. माझ्या अंदाजाने तो नवजात शिशू विभाग असेल.

याच अहवालात ‘सामाजिक दायित्वापोटी दिलेल्या सवलती’ अशी एक मोठी रक्कम दाखवली आहे. ती कशी काढली हे पाहिले तेव्हा मला खेद वाटला. निर्धन रुग्णांवरील उपचारांची किंमत खासगी विभागाच्या दराने लावली आहे आणि त्यातून प्रत्यक्ष मिळालेली रक्कम वजा करून उरलेला आकडा ‘सवलत’ म्हणून धरला आहे. जे पैसे रुग्णालय त्या मुलांकडून कधीच घेऊ शकत नव्हते, ते पैसे सोडून दिले असे यात म्हटले जाते. प्रत्यक्ष झालेला खर्च हाच खरा आकडा आहे आणि तो देणे आपल्याला अवघड नाही, कारण तो आमच्या विभागात दर महिन्याला काढला जात असे.

शिवाय निर्धन मुलांवरील उपचार ही विश्वस्तांची मेहेरबानी नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या आहेत. त्यासाठी रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीच्या स्वतंत्र खात्यात जमा करायची आहे. म्हणजे या खर्चाचा एक भाग इतर रुग्णांच्या बिलांतून येतो. तातडीच्या प्रसंगी अनामत रकमेसाठी अडवून न ठेवता रुग्णाला दाखल करून घेणे हेही त्या योजनेतच आहे. निर्धन रुग्णासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार रुपये आणि दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे.

या निधीची नोंदवही मी सांभाळलेली आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे अधिक लिहिते. लांब, कापडी पाठीची ती वही होती. डाव्या पानावर त्या दिवशीच्या बिलांतून निधीत आलेली रक्कम आणि उजव्या पानावर त्यातून झालेला खर्च, मुलाचा नोंदणी क्रमांक, शिधापत्रिकेचा रंग आणि तहसीलदारांच्या दाखल्याची तारीख. महिन्याच्या अखेरीस डावे आणि उजवे पान जुळवले की निधीत किती शिल्लक आहे हे शिपायालाही समजत असे. आज आपल्या छापील अहवालात हा निधी इतर निधींसोबत एका ओळीत मिसळला आहे. वर्षाच्या सुरुवातीला किती होता, किती जमा झाला, किती मुलांवर खर्च झाला आणि किती उरला, हे वाचकाला कळत नाही. निधीत शिल्लक असेल तर खाटा कमी करण्याचे समर्थन होत नाही, आणि निधी संपत असेल तर तसे पुराव्यानिशी सांगून शहराकडे मदत मागता येते. आकडा दडवून दोन्ही गोष्टी साधत नाहीत.

राखीव खाटांच्या टक्केवारीपुरते बोलायचे तर खाटा कमी झाल्यावरही आपण नियमात बसाल, असे उत्तर मला अनौपचारिकपणे मिळाले आहे. ते खरेही असेल. पण सामान्य कक्षात येणारी सगळी मुले दाखल्यावाली नसतात. रिक्षाचालकाचे, भाजीवालीचे, कंत्राटी कामगाराचे मूल अनेकदा उत्पन्नाच्या मर्यादेच्या थोडेसे वर असते, आणि खासगी खोलीचा दर त्याच्या आवाक्याबाहेर असतो. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुले तपासतात, कोणाच्या हृदयात दोष सापडतो, कोणाच्या वाढीत. पुढच्या उपचारांसाठी त्या मुलाला खाट लागते, आणि ती सामान्य कक्षातलीच लागते.

एका बाबीने मला सर्वाधिक अस्वस्थ केले आहे. आराखड्याच्या पहिल्या टप्प्यात खासगी विभागाचे प्रवेशदालन, उपाहारगृह आणि वाहनतळ यांची कामे आहेत. नवजात शिशू अतिदक्षता कक्षाची जुनी वीजवाहिनी बदलण्याचे काम तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे तीन वर्षांनंतर धरले आहे. विश्वस्तहो, ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला लागलेल्या आगीत १० बाळे दगावली. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात तसेच घडले आणि त्या रात्रीही १० बाळांचा जीव गेला. अशा कक्षात वॉर्मर, व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंप आणि वातानुकूलन यंत्रे चोवीस तास चालू असतात, हवेत प्राणवायूचे प्रमाण जास्त असते आणि आतला रुग्ण स्वतःहून उठून पळू शकत नाही. तेथील वीजवाहिनी बदलण्याने प्रतिखाट उत्पन्न वाढत नाही, हे उघड आहे. म्हणूनच तो निकष या कामांचा क्रम ठरवायला अपुरा आहे. या कामाला पैसे नाहीत असेही नाही, कारण प्रवेशदालनाला आहेत.

धोरणाविषयी एक-दोन उदाहरणे देते, कारण उत्पन्न न देणाऱ्या कामांनी रुग्णालयाचे नाव होते आणि मुलेही वाचतात, हे आपल्याच राज्यात दिसलेले आहे. शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मानवी दूध पेढी सुरू झाली. दूध विकून पैसे मिळवणे हा तिचा हेतू नव्हता. ज्या बाळांना स्वतःच्या आईचे दूध मिळू शकत नाही, त्यांना दुसऱ्या आईचे निर्जंतुक केलेले दूध मिळाले की जंतुसंसर्ग कमी होतो आणि बाळ लवकर घरी जाते. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांवर विनामूल्य शस्त्रक्रिया होतात. मुंबई महापालिकेने बोरिवली येथे थॅलेसेमिया, मुलांचे रक्तविकार व कर्करोग आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण यांसाठी स्वतंत्र केंद्र उभारले आहे. या सर्वांनी आधी कोणत्या मुलासाठी काम करायचे हे ठरवले आणि मग पैशांची जुळवाजुळव केली.

थॅलेसेमियाच्या बाबतीत तर जुळवाजुळव करण्यासारखे बरेच आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया या रक्तविकारांचा समावेश झालेला आहे. या रुग्णांना ओळखपत्रावर रक्त विनामूल्य देण्याचे धोरण राज्यात आहे, म्हणजे केंद्राचा सर्वांत मोठा कच्चा माल आपल्याला विकत घ्यावा लागत नाही. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी कोल इंडियाच्या सामाजिक दायित्व निधीतून चालणारी थॅलेसेमिया बाल सेवा योजना आहे. आपल्याकडील किती मुलांचे अर्ज तेथे पाठवले गेले, याचा उल्लेख अहवालात नाही. वारंवार रक्त घेतल्याने शरीरात साठणारे लोह उतरवण्याच्या गोळ्यांसाठी पूर्वी एका व्यापारी कुटुंबाने कायम ठेव दिली होती आणि तिच्या व्याजातूनच गोळ्या घ्याव्यात अशी अट घातली होती. ते व्याज आता सर्वसाधारण उत्पन्नात दाखवलेले मला दिसते. केंद्राचे उत्पन्न सर्वसाधारण खात्यात आणि सामायिक खर्च मात्र केंद्राच्या खात्यात, असे केल्यावर केंद्र तोट्यात दिसणारच.

अनुदान देणाऱ्या यंत्रणांनाही मी याच पत्रातून विनंती करते, कारण तुटीचा सगळा दोष विश्वस्तांवर टाकणे अन्यायाचे होईल. मान्य केलेले अनुदान उशिरा येते, तुकड्यांत येते आणि दरवेळी नव्या शंका उपस्थित होतात. शासकीय विमा योजनांच्या दाव्यांतही कागद परत येण्याचे प्रकार नेहमीचे आहेत. तोपर्यंत औषध पुरवठादाराला व्याज द्यावे लागते किंवा परिचारिकांची रिक्त पदे भरणे लांबणीवर पडते. याचा शेवट कोठे होतो, हे महाराष्ट्राने जानेवारी २०२० मध्ये पाहिले आहे. मुंबईत परळ येथे १९२९ पासून मुलांची सेवा करणाऱ्या बाई जेरबाई वाडिया रुग्णालयाने अनुदानाच्या थकबाकीचे कारण देऊन नवे रुग्ण घेणे थांबवले. महापालिकेने रुग्णालयाच्या कारभारावर आक्षेप घेतले, विश्वस्तांनी थकबाकीकडे बोट दाखवले, कर्मचारी आणि पालक रस्त्यावर उतरले. शेवटी ४६ कोटी रुपये देण्याचे जाहीर झाले, आणि पुतळ्यांसाठी पैसा आहे पण रुग्णालयासाठी नाही का, अशा आशयाच्या शब्दांत उच्च न्यायालयाने सरकारची कानउघाडणी केली. कोणाची बाजू किती खरी होती, हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही. एवढे मात्र खरे की दोन्ही बाजूंचे आकडे आधीपासून एका कागदावर जनतेसमोर असते, तर आजारी मुलाला दारातून परत फिरण्याची वेळ आली नसती. ऑगस्ट २०१७ मध्ये गोरखपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात बालकांचे मृत्यू झाले, तेव्हा प्राणवायू पुरवणाऱ्या कंपनीची लाखो रुपयांची देणी थकलेली होती, हेही आपण सर्वांनी वाचले आहे.

राज्याची स्थिती वाईट आहे असे मी म्हणत नाही. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीच्या २०२० च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे अर्भकमृत्यूंचे, म्हणजे एक वर्षाच्या आतल्या बाळांच्या मृत्यूंचे, प्रमाण १६ होते आणि देशात ते २८ होते. पण त्या १६ पैकी ११ मृत्यू जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले आहेत. आता जे मृत्यू टाळायचे आहेत, ते बहुतांश नवजात शिशू कक्षातच टाळावे लागतील, आणि तेथे लागणारी खाट सर्वांत महाग असते. अशा वेळी बालरुग्णालयाने उत्पन्न देणाऱ्या खोल्यांकडे वळणे हा धोरणातील दोष आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

थॅलेसेमिया डे-केअर बंद करण्याचा आणि सामान्य कक्षातील खाटा कमी करण्याचा निर्णय ताबडतोब स्थगित करावा. सामायिक खर्चाची वाटणी खाटेच्या तासांवर करून, आणि देणगीदारांनी अटीसह दिलेल्या ठेवींचे व्याज ज्या त्या विभागाच्या खात्यात दाखवून, प्रत्येक विभागाचा हिशेब स्वतंत्र लेखापरीक्षकाकडून नव्याने करून घ्यावा. तो हिशेब पालकांच्या प्रतिनिधींसमोर ठेवल्याशिवाय कोणताही विभाग बंद करू नये. त्यानंतरही एखादे मूल दुसऱ्या केंद्रात पाठवावे लागलेच, तर त्या केंद्राचे नाव, तेथे पोहोचण्याचे अंतर आणि तेथील प्रमुखांची लेखी संमती पालकांना आधी द्यावी. आज कोणालाही यांतले काही कळवलेले नाही.

निर्धन रुग्ण निधीची आरंभीची शिल्लक, जमा, खर्च आणि अखेरची शिल्लक दर तीन महिन्यांनी रुग्णालयाच्या दर्शनी फलकावर आणि संकेतस्थळावर मराठीत लावावी. त्याच फलकावर त्या दिवशी रिकाम्या असलेल्या राखीव खाटांची संख्याही असावी.

वार्षिक अहवालात पैशांच्या आकड्यांइतकेच ठळकपणे वैद्यकीय आकडे छापावेत. वजनगटानुसार वाचलेली आणि दगावलेली नवजात बाळे, रुग्णालयात असताना झालेले जंतुसंसर्ग, प्रत्येक पाळीत परिचारिकामागे किती मुले होती, जागा नाही म्हणून किती मुलांना परत पाठवले, हे सर्व त्यात असावे. एका आकड्याचा मी विशेष आग्रह धरते. डॉक्टरांचा सल्ला डावलून मूल घरी नेले जाते, त्याला रुग्णालयाच्या भाषेत ‘डामा’ म्हणतात. त्या कागदावर पालक सही करतात आणि कारणाचा रकाना बहुतेक वेळा ‘घरगुती अडचण’ एवढ्यावर भरला जातो. बिलाच्या खिडकीशी बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते की त्यांतली बरीच मुले पैसे संपले म्हणून गेलेली असतात. पैशांअभावी उपचार अर्धवट राहिलेली मुले वर्षभरात किती, हे वैद्यकीय समाजसेवकाने प्रत्येक पालकाशी बोलून नोंदवावे आणि विश्वस्तांनी ते छापावे. बालरुग्णालयाचे आर्थिक धोरण यशस्वी झाले की नाही, हे या आकड्यावरून सर्वांत आधी कळेल.

नवजात शिशू कक्षातील वीजवाहिनीचे काम पहिल्या टप्प्यात, इतर सर्व बांधकामांच्या आधी घ्यावे. अग्निसुरक्षा तपासणीचा शेवटचा अहवाल आणि त्यातील किती त्रुटी दूर झाल्या, हे पंधरा दिवसांत जाहीर करावे. या मागणीत मला कोणतीही तडजोड मान्य नाही.

अनुदान देणाऱ्या यंत्रणांनी मान्य अनुदानाचा हप्ता प्रत्येक तिमाहीच्या सुरुवातीला आगाऊ द्यावा, लेखापरीक्षणाच्या शंका पुढच्या हप्त्यात समायोजित कराव्यात, आणि देय व दिलेल्या रकमांचे तिमाही पत्रक प्रसिद्ध करावे. विश्वस्तांनीही त्याच दिवशी आपले पत्रक प्रसिद्ध करावे, म्हणजे दोन्ही आकडे जुळतात की नाही हे नागरिकांना स्वतः पाहता येईल.

या कामासाठी वेळ द्यायची माझी तयारी आहे. लेखा विभागातून निवृत्त झालेले माझे आणखी काही सहकारीही विनामोबदला बसायला तयार आहेत. विभागवार हिशेब नव्याने मांडण्यासाठी लागणारी जुनी पत्रके कोठे आहेत हे आम्हाला माहीत आहे, आणि विश्वस्तांनी परवानगी दिली तर हे काम एप्रिलपूर्वी पूर्ण होऊ शकते. डे-केअरमधील मुलांच्या पालकांची एक बैठक विश्वस्त मंडळाच्या पुढील सभेआधी बोलवावी आणि या पत्रातील प्रत्येक मागणीवर होकार किंवा नकार, कारणासह, लेखी कळवावा, ही विनंती.

कळावे,

आपली नम्र,
आपल्या रुग्णालयाच्या लेखा विभागातील एक निवृत्त कर्मचारी